गवंडीण

मी मस्टर भरतो. जुळे सोलापुरात,
चार मजली अपार्टमेंट, फेब्रुवारीपासून.
नाव, काम, रोज, अंगठा. चार रकाने.
कस्तुरव्वा म्हेत्रे या नावापुढं
या साइटवर, त्याआधीच्या साइटींवर,
सहा वर्षं बिगारी लिहीत आलो
हात न थांबवता,
जसं आपण पाण्याला पाणी लिहितो.

दस्तगीर मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
हे ठेकेदाराच्या आधी तिला कळलं.
ओळंबा त्यांनी सोडायचा, वाचायचा तिनं.
"किती?"
"दोन सूत भाईर, मामू."

दोन सूत.
ज्या गावात सूत म्हटलं की आधी माग,
चादर, पूर्वभागातली रात्रपाळीची खडखड,
त्या गावात ती मोजत होती
इंचाचा आठवा हिस्सा, नुसत्या डोळ्यानं,
डोक्यावर घमेलं तसंच.

मग एक दिवस घमेलं खाली आलं.
थापी कुणी दिली की तिनंच उचलली
यावर साइटवर अजून दोन मतं आहेत.

त्या शनिवारी मी रकान्यापाशी अडलो.
गवंडी लिहू? तो तर बाप्या.
गवंडीण लिहावं, तर आपल्या भाषेत
गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको.
सुतारीण सुताराची, लोहारीण लोहाराची,
नाव हिचं, हत्यार त्याचं.
आणि कस्तुरव्वाचा नवरा तर
अक्कलकोट रोडला टॉवेलांच्या घड्या घालतो.

तिलाच विचारलं. म्हणाली,
"रोज काय लिवणार ते आधी सांगा.
नाव मागनं बघू."

गवंड्याचा रोज हजार. बिगारी बाईचा चारशे.
ठेकेदार म्हणाला, सहाशे कर, लई झालं.
तिनं थापी धुतली, पुसली, पिशवीत टाकली
आणि फाटकातनं गेली, मागं न बघता.

संध्याकाळी होटगी रोडच्या एका साइटवरनं फोन.
"तुमच्याकडची बाई कोपरा गुण्यात आणते म्हणे. खरं का?"
मी म्हणालो, खरं.
एवढंच केलं मी.
याच्यापेक्षा जास्त माझ्या नावावर मांडू नका.

चौथ्या दिवशी ठेकेदारानंच रिक्षा पाठवली.
नऊशे. आणि तिची एक अट.

ती अट आता साइटच्या मागच्या अंगाला उभी आहे.
चार बाय चार, वर पत्रा,
दाराला आतून कडी.
स्वतःच्या हातानं बांधली तिनं.
पारुबाई, महादेवी, नवी आलेली अंबिका
जेवणाच्या सुट्टीत विटा भिजवून आणून देत होत्या,
कुणी सांगितलं नव्हतं.
दस्तगीरमामू सावलीत बसून
थापीचा आवाज बरोबर पडतो का, तेवढंच ऐकत होते.
एकदाच म्हणाले, "माल पातळ झाला."
झाला होता.

मी खुळा. मला वाटायचं
बायकांना तहानच कमी लागते.
चव्वेचाळीस अंशात बाप्ये तांब्यावर तांब्या रिचवायचे,
आणि ह्या नुसते ओठ ओले करून
तिसऱ्या मजल्यावर खडी चढवायच्या.
रांजण संध्याकाळी अर्धा उरायचा.
उरलेलं पाणी मी कडुनिंबाला घालायचो,
पुण्य म्हणून.

काल दुपारी बारालाच रांजणात तांब्या खडखडला.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
टँकरवाल्याला फोन लावला, त्यानं भाव वाढवला,
मी हो म्हणालो.

रात्री मस्टर उघडलं.
कस्तुरव्वा म्हेत्रे. काम: अजून कोरं.
रोज: नऊशे.
अंगठ्याच्या जागी तिनं सही केली होती,
जरा वाकडी, दोन सूत भाईर.
मागच्या पानावर मी खर्च टाकला.
जादा पाणी, आठ घागरी.