खळ

तांदळाची पिठी, दोन वाट्या पाणी,
चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून.
मंद आचेवर ढवळत राहायचं,
गुठळी झाली की पत्ता नीट बसत नाही.
हे मला केळुसकर मास्तरांनी शिकवलं
सत्त्याऐंशीच्या शिमग्यात,
'पुळण'चा सातवा अंक निघाला तेव्हा.

त्रैमासिक. चौसष्ट पानं.
इनास डिमेलोच्या छापखान्यात
'ळ'चे खिळे नेहमी कमी पडत.
एक नियतकालिकाच्या नावात जाई,
एक मास्तरांच्या आडनावात,
एकदा उरलेच नाहीत, तेव्हा
पान बाविसावर नारळाचं 'नारल' झालं
आणि कणकवलीहून सोळा पत्रं आली.
सोळा!
मास्तर ती आठवडाभर खिशात घालून
मालवणभर फिरले.

खळ मी करायची, पत्ते मी लिहायची.
बाजारात माणसं नावानं भेटत,
मला आधी त्यांचे क्रमांक आठवत.
नव्वद, फर्नांडिस टीचर, धुरीवाडा.
दोनशे चौदा, अल्लाउद्दीन मुकादम, होडीवाले, देवबाग.
तीनशे सहा, निवतीच्या बत्तीवरचे साहेब,
'होडी जाईल तेव्हा पोचवणे'.
सातशे अंक, तीन गोणी, एक हातगाडी.
आम्ही वळणावर दिसलो की
गंगाराम पोस्टमन आतूनच ओरडे,
"इलंस गो शालन, माझी कंबर मोडूक!"
नव्याण्णवच्या आषाढात पावसाला खळ नव्हता,
अंकालाही नव्हता.

मग वहीत लाल शाई वाढत गेली.
मयत.
मुंबईस मुलाकडे.
घर बंद.
मयत. मयत.
एकाने कळवलं, डोळे गेले, अंक नको,
पण वर्गणी ठेवून घ्या.

खोटं कशाला सांगू,
एका नामवंत वर्गणीदाराच्या घरी
तांदळाच्या पिंपावर मी स्वतः पाहिले
अकरा अंक, वेष्टनासकट.
तीन वर्षं झाली तरी
एक कोपरा सुटला नव्हता.
राग आला. आणि, कसं सांगू,
खळीचा अभिमानही वाटला.

मास्तरांचा भाचा म्हणाला,
आता सगळं फोनवर पाठवू, दोन मिनिटांचं काम.
दोनच मिनिटं लागली.
ना गोणी, ना गाडी, ना 'ळ'ची टंचाई;
हवे तितके ळ, फुकट.
कणकवलीहून सोळा अंगठे आले.
मास्तरांनी चष्मा पुसून विचारलं,
"ह्येंचा म्हणणा काय?"

मीही वाचते फोनवर.
रात्री लाईट गेली की
घरात उजेड त्याचाच असतो.

शेवटी अडतीस जण उरले.
त्यांची वर्गणी परत करायची ठरली,
मनीऑर्डरी मीच भरल्या.
सदतीस पोचल्या.
दोनशे चौदानं घेतली नाही.
मागाहून एक कार्ड आलं, वाकड्या अक्षरात:
'पैसे नकोत. वेष्टन येऊ दे.
आत काही नसलं तरी चालेल.
मला टपाल येतं ते वीजमंडळाचं.
माझं नाव कुणी हातानं लिहीत नाही.
तुमचा म वर्षभरात थोडा थरथरायला लागलाय,
जपा.'

म्हणून आज पुन्हा गॅसवर भांडं.
पण एका पत्त्यापुरती खळ करता येत नाही,
चमचाभर पिठी घेतली तरी उरते.
'मुकादम' लिहिलं, म जरा सावकाश.
पट्टी फिरवली, कडा दाबल्या.

वाटीत उरलंय ते निवत चाललंय,
वर साय धरतेय.
मोरचूद या खेपेस घातलंच नाही.
लागू दे कसर.
कुणी तरी खाईल.