गुडघ्याइतका समुद्र

गाडी भुसावळला पाऊण तास उशिरा लागली.
पुलाखाली इंदुमती, डोक्याला मफलर घट्ट,
हातात आणखी एक, माझ्यासाठी.
"तुले थंडीचं भान कधी व्हतं का?"
तेरा वर्षांनी भेटल्यावर तिचं पहिलं वाक्य.

रिक्षात आमच्यामधे पिशवी, पिशवीत वांगी.
वरणगाव येईपर्यंत ती वांग्यांवरच बोलली.
ही बामणोदची, फिकट हिरवी, लेकरासारखी जड.
तिकडे मिळतात ती काळी, चकचकीत,
"पॉलिश केल्यावानी. जाळावर धरली तर लाजतीन."

तिकडे म्हणजे ऑस्ट्रेलिया.
मुलाकडे सहा महिने राहून आली,
समुद्रकाठच्या एका लहान गावात.
त्याचं नाव विचारलं
की दर वेळी वेगळंच सांगते.

संध्याकाळी मागच्या दारी पऱ्हाटीचा जाळ.
वांग्यांची सालं तडकली, धूर डोळ्यांत गेला.
शेजारच्या फेगडेवहिनी कळण्याचं पीठ घेऊन आल्या,
भाकरी थापायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत.
पाणी प्यायला आत गेले तेव्हा
भिंतीवरची दिनदर्शिका दिसली.
पान जानेवारीचं.
पण खालून मार्चचा कोपरा दुमडलेला,
कितीदा तरी उचलून पाहिल्यासारखा.
मी पाणी प्याले. बाहेर आले.
भरितात मिरची फार झाली होती,
दोघींनी नाक पुसत पुसत संपवलं.

सकाळी म्हणाली, "चाल, तुले समुद्र दाखोते."
हतनूरच्या फुगवट्याचं पाणी,
धुक्यात पलीकडचा काठच नव्हता,
त्यामुळे तिचं म्हणणं खोडता येईना.
लांबवर चक्रवाकांची एक जोडी, भगवी, भांडखोर.
"हे बी लांबून येतात. थंडीपुरते राह्यतात.
यायले कोनी म्हनत नही, आता कायमचेच या."

चपला काढल्या. साडी वर खोचली.
गुडघ्यापर्यंत गेली आणि थांबली.
"तिथं बी एवढीच जाये मी. रोज.
सून म्हने, आई, अजून थोडं.
पन तो समुद्र पायाखालची रेती वढून नेतो गं.
उभ्या उभ्या मानूस खचते.
हे पाहा, हे पानी कसं, धरून ठेवते."

धरून ठेवत होता तो गाळ.
मीही उतरले, सलवार दुमडत, देवाचं नाव घेत,
बोटांच्या बेचक्यांतून तो वर आला, गार, मऊ,
आणि आम्ही दोघी
पन्नाशी उलटलेल्या, एकमेकींचे दंड धरून
किती वेळ तशाच उभ्या.
विचारायचं ते तोंडाशी आलं होतं.
चक्रवाक ओरडले. राहून गेलं.

परतीच्या गाडीत जळगाव गेलं, पाचोरा गेलं,
चाळीसगावला चहा घेतला
तेव्हा गळ्याशी हात गेला.
मफलर माझ्याकडेच राहिला होता.

नेऊन द्यायला हवा.
मार्चच्या आत.