बेरीज

आई चाळीस चात्या एका वेळी फिरवायची.
बोटाएवढी लाकडं, प्रत्येकीला दोरा गुंडाळलेला,
पेंढा भरलेल्या लोडावर एकमेकींना आपटत
टिक टिक टिक, मग थांबून एक टाचणी, मग पुन्हा.
विला दो कोंदेत, आमच्या घरी, लेस अशी विणली जायची.
लहानपणी पलीकडच्या खोलीत अर्धवट झोपेत
मी आवाजावरून सांगायचे
पाकळी चाललीय की नुसती जाळी.

साठीनंतर तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले.
झुल्मिरा मावशीनं पुड्या आणून दिल्या,
पाण्यात ढवळायच्या, संत्र्याच्या चवीच्या.
औषधवाल्या फाउश्तीनोनं लाल गोळी दिली, नसांसाठी.
आणि मी लियोंहून, लाँड्रीच्या पगारातून,
दर दोन महिन्यांनी एक पांढरा डबा.
डब्यावर धावणारी बाई, खाली लिहिलेलं: ताकद.
तिघांचाही तिच्यावर जीव.
तिघांच्या हातात तेच एक जीवनसत्त्व,
बी सहा, बारीक अक्षरात, डब्याच्या मागल्या बाजूला.

जास्तीचं लघवीवाटे निघून जातं,
असं फोनवर मीच तिला सांगितलं.
कुठं ऐकलं होतं ते आठवत नाही.
सांगितलं मात्र अगदी खात्रीनं.

आधी तळपायांना मुंग्या आल्या.
(आमच्या भाषेत त्याला थेट वारूळच म्हणतात.)
मग अनवाणी असताना मोजे घातल्यासारखं.
मग एका संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर, दिवे गेले तेव्हा,
आपला पाय नेमका कुठे आहे हे तिला कळेना;
कठड्याला धरून उभी राहिली, दिवे येईपर्यंत.
नसा थकल्यात गं, म्हणाली,
आणि लाल गोळी एकाची दोन केली.
मी डबा दर महिन्याला पाठवू लागले.

विहिरीत पडलेल्या बाईवर
आम्ही वरून मायेनं पाणी ओतत होतो.

मग टाचणी बोटात गेली.
तिला कळलं ते पांढऱ्या दोऱ्यावर
लाल ठिपका पसरला तेव्हा.

पोर्तूच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नखं कुरतडलेली.
लोखंडी चिमटा टेबलावर वाजवून
तिच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला.
जाणवतंय?
ऐकू येतंय, आई म्हणाली.

बाईंनी पिशवी पलंगावर उपडी करायला लावली.
कागदाच्या पाठीवर एकाखाली एक आकडे मांडले:
पुडीतलं, डब्यातलं, गोळीतलं गुणिले दोन.
बेरीज पेननं केली, हातचा डोक्यावर लिहून,
शाळेत शिकवतात तशी.
दिवसाला लागतं त्याच्या दीडशेपट.
एवढी साधी बेरीज. तिघांपैकी कुणालाही येत होती.

ज्यानं नसा जगतात त्यानंच मरतात? मी विचारलं.
बाई म्हणाल्या, आजपासून सगळं बंद.
परत येईल का?
बरंचसं. सगळं येईल असं नाही. सावकाश.

झुल्मिरा मावशी दोन महिने आमच्या दारावरून गेली नाही.
फाउश्तीनोनं लाल गोळ्या वरच्या फळीवर ठेवल्या,
कुणी मागितल्या तर शिडी आणावी लागेल इतक्या वर.
मी लियोंला जाऊन डबे पाठवायचा खोका
तसाच रिकामा बरेच दिवस पलंगाखाली ठेवला.

चौदा महिन्यांनी गेले तेव्हा
धावणाऱ्या बाईच्या डब्यात टाचण्या होत्या.
लोडावर बाराच चात्या.
आई हातांकडे टक लावून बघत होती,
दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखी;
पूर्वी विणताना ती खिडकीबाहेर बघायची.
मी पलीकडच्या खोलीत जाऊन पडले, डोळे मिटले.
टिक. बराच वेळ काही नाही. टिक टिक.
पाकळी की जाळी, मला सांगता येईना.

जाळी आहे, आई तिकडून म्हणाली.
नुसती जाळी.