आधी, नंतर

बाबा पियानो लावायचे.
तार्तूहून बस धरून एल्वा, पोल्वा, पार वोरूपर्यंत.
पिशवीत किल्ली, फेल्टच्या पट्ट्या, नादकाटा,
आणि बिजागरी सुतळीने बांधलेला लॅपटॉप.

खुंट्या पिळण्याआधी एक सूर टिपून ठेवायचे,
काम झाल्यावर तोच सूर पुन्हा.
प्रत्येक घराचा एक फोल्डर. आतली नावं
आधी-१, नंतर-१, आधी-२, नंतर-२.
तारीख कुठे लिहायची नाही का, मी विचारायचे.
ती मशीन लिहितं, म्हणायचे,
एकच गोष्ट दोघांनी कशाला लिहायची?

ते गेल्यावर मार्चमध्ये
मी सगळं नव्या कॉम्प्युटरवर कॉपी केलं.
सगळं आलं. एकही सूर सांडला नाही.
फक्त प्रत्येक फाइलसमोर
मंगळवार, अकरा बेचाळीस.
सब घोडे बारा टक्के.
अकरा वर्षं, शंभरावर पियानो,
माझ्या बाबांनी एका मिनिटात लावले.

खालच्या मजल्यावरचा ताव्हेत आला, बूट न काढता.
म्हणाला, जुना पुसला नाहीस ना? मग रडू नकोस.
कॉपी म्हणजे आतला मजकूर.
वेळ हवी तर तशी मागावी लागते.
त्याने तीच आज्ञा पुन्हा लिहिली,
मध्ये एक आडवी रेघ आणि एक अक्षर जास्त.
फोल्डरच्या तारखाही आण, म्हणाला,
लोक त्या विसरतात.

आणि वर्षं परत आली,
आपापल्या जागी बसली, बाकांवर मुलं बसावीत तशी.

एल्वाच्या शाळेचा पियानो.
२०११. आधी, दहा वाजता. नंतर, अकरा वीस.
२०१५. दोन तास पाच मिनिटं.
२०१८. तीन तास चाळीस.
पियानो तोच.
तारा तेवढ्याच, खुंट्या तेवढ्याच.

मी इतर घरं उघडली. वोरूचा दंतवैद्य,
पोल्वाच्या दोघी बहिणी. सगळीकडे तेच.
आधी आणि नंतर यांच्यामधली जागा
वर्षागणिक रुंद होत गेलेली,
आणि त्या जागेत बाबा,
लाकडाला कान लावून बसलेले.

बस चुकली, म्हणायचे ते.
मी सूप तिसऱ्यांदा गरम करायचे,
भांडी जरा जास्तच वाजवायचे.
त्यांना ते ऐकू येतंय, असं धरून.

मी प्रत्येक 'नंतर' लावून ऐकला.
एकही उतरलेला नाही, एकही चढलेला नाही.
चार तास लागले तिथेही
सूर अगदी जिथे असायला हवा तिथे.

शेवटचा फोल्डर कानेपीच्या वाचनालयाचा.
आधी-७. ऑक्टोबर, सकाळचे दहा पाच.
पुढे काही नाही.

तो दिवस मला आठवतो.
ते दुपारीच घरी आले होते,
बटाटे सोलत शीळ घालत होते,
आणि मी हसले होते, कारण शीळ बेसूर होती.
आज लवकर कसे?
बस लगेच मिळाली, म्हणाले.

ताव्हेत अजून दारातच उभा होता.
एक प्रत पेनड्राइव्हवर देऊ का तुला?
जुन्या पद्धतीचा आहे,
वेळ दोन सेकंदांनी इकडेतिकडे होईल. एवढंच.
चालेल ना?

नाही, मी म्हणाले.