श्वास धरा

आठवड्याचे सहा दिवस मी माणसांना सांगते:
हनुवटी वर. खांदे पुढे. हलू नका.
श्वास घ्या, धरा,
आणि शिशाच्या भिंतीआडून बटण दाबते.
तेवीस वर्षं. फुप्फुसं, बरगड्या,
एकदा एका पोराच्या पोटातलं आठ आण्याचं नाणं,
त्याची किनारसुद्धा स्पष्ट.

रविवारी भांडेवाडीला जाते.
कचऱ्याच्या डोंगरावर घारी फिरतात,
शंभर, दीडशे, मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.
त्यांना कोण सांगणार, श्वास धरा?

पहिल्या हिवाळ्यातले फोटो बोरकुटेंना दाखवले.
सीताबर्डीत जिन्याखाली त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"मॅडम, विजेचा टॉवर फार सुरेख आलाय."
खरंच, टॉवरचा एकेक नट मोजता येत होता
आणि त्याच्यापुढे तपकिरी डाग,
ओल्या बोटानं पुसल्यासारखा.

त्यांनी शिकवलं.
फोकस अंगठ्याकडे द्या, बोट फक्त फोटोपुरतं.
शटर सेकंदाच्या बत्तीसशेव्या भागावर.
ठिपका असतानाच पकडा तिला;
डोक्यावर आल्यावर शोधाल
तर लेन्स किल्ली हरवलेल्या माणसासारखी
पुढचे-मागचे खिसे चाचपत बसेल.
आणि दहाच्या आत घरी.
दहानंतर इथली हवाच हलते,
मग कशाचाही फोटो काढा, तो पाण्याखालचा.

सगळं केलं. अंगठा दुखायला लागला.
सरळ जाते तोवर घार माझी,
वळली की आभाळाची.

गेडामबाई तिथं प्लास्टिक निवडतात.
तीन रविवार नुसत्या बघत होत्या.
चौथ्या रविवारी म्हणाल्या,
"काहून तिच्या पंखाकडे पाऊन राहिली तू?
पंख लबाड असते. शेपटी पाय.
शेपटी आधी मुरडते, मंग ते वळते."
तुम्हाला कसं कळलं?
"माही भाकर नेली न तिनं. दोनदा.
तिसऱ्या खेपी नाही नेऊ देली."

मग शेपटी.
दार उघडायच्या आधी कडी हलावी
तेवढीच हलते ती.
तेवढ्यात कंबरेतून वळायचं, पाय रोवलेले,
दुसरा डोळा उघडा.
मी पुष्कळदा उशिरा वळले.
दोनदा पडले, एकदा कशात पडले ते सांगत नाही.

मधल्या एका मंगळवारी दोन वर्षांचं पोर आणलं,
न्यूमोनिया असावा, थांबेचना रडायचं.
बापानं हात धरले, आईनं डोकं.
मी काहीच सांगितलं नाही त्याला.
गळ्याखालची खळी बघत राहिले.
किंकाळी संपते, खळी आत ओढली जाते,
पुढची भरायला छाती फुगते.
तिथं दाबलं.
फिल्म एकदाच काढावी लागली.

फेब्रुवारीत मिळाली.
खाली आली होती, ढिगाला जवळजवळ घासत.
शेपटी हलली, मी आधीच डावीकडे.
अंगठा. बोट.
घरी मोठं करून पाहिलं:
गडद डोळा, त्यात मोहरीएवढा उजेड,
डाव्या पंखात एक पीस कमी,
चोचीच्या कडेला काहीतरी वाळलेलं.
बराच वेळ मी चहा प्यायलेच नाही.

कागदावर छापून गेडामबाईंकडे नेली.
त्यांनी हात लुगड्याला पुसला,
फोटो हातभर लांब धरला,
त्यांनाही जवळचं दिसत नसावं.
"हेच ते. भाकरवाली. पीस पाय न."
मग कोपऱ्यात बोट ठेवलं,
"आन हे हिरवं काय सांडलं?"

मी जरा थांबून म्हणाले, तुम्ही.

त्यांनी फोटो आणखी लांब नेला,
मग जवळ, मग पुन्हा लांब.
"बाई," त्या म्हणाल्या,
"मी तं हाललीच नोती वो."