शेरा

हर्षल नंदेश्वरनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
एकशे सात वर्षांचा पाऊस,
त्यातून ओढलेली एक रेषा,
जवळजवळ आडवी.

"मावशी, वार्षिक बेरीज फारशी हलली नाही,
पण दिवस कमी झालेत.
जूनमधून गेलेले
सप्टेंबरातही सगळे परत आलेले नाहीत.
आता पडतो तेव्हा एकदम पडतो."

म्हणजे नळासारखं, मी म्हटलं.
पाणी तेवढंच,
पण आठवड्यातून एकदा,
मध्यरात्री, भांडी झोपल्यावर.
तो हसला. त्यानं ते टिपून घेतलं नाही.

यातली चोवीस वर्षं माझ्या बाबांच्या अक्षरातली.
बापूराव ठवकर. महाराजबागेमागचं शेतकी आवार,
तारेचं कुंपण, आत
गुडघ्याहून ठेंगणं पर्जन्यमापक.
सकाळी साडेआठ. लग्न असो, मयत असो, साडेआठ.
अडीच मिलिमीटरच्या आत पडला
तर तो पावसाळी दिवस नाही,
हे मला पाढ्यांआधी पाठ.
अंगण भिजो, वाळत घातलेले पापड भिजोत,
दिवस कोरडा.

आई नक्षत्रं मोजायची.
औंदा मघाचं वाहन उंदीर, म्हणायची.
बाबा चपला शोधत म्हणायचे,
"वाहन कोनतंई असो,
मापात उतरलं पाह्यजे."

त्या साली मघा सुरू होऊन संपत आल्या.
रजिस्टरात एकाखाली एक एकोणीस शून्यं,
प्रत्येक शून्य नीट बंद केलेलं,
डब्याचं झाकण लावावं तसं.
पानठेल्यावर लोक विचारायचे,
"काय ठवकर, आज किती देला?"
जणू बाबाच देत होते.
आणि बाबाही मान खाली घालायचे,
जणू त्यांनीच दिला नव्हता.

मी आठ वर्षांची.
पहाटे उठले, पितळी पेला भरला,
तारेत फ्रॉक फाडून घेतला
आणि नरसाळ्यात ओतलं.
टपटप आवाज आला तसा
मला वाटलं, हाच तो आवाज,
याच्यासाठीच सगळे थांबलेत.

साडेआठला बाबांनी पाणी काचेच्या मापात घेतलं,
डोळ्यांसमोर धरलं,
पाण्याचा खालचा बाक वाचला.
मग कुंपणाभोवतीची धूळ पाहिली,
तिच्यात माझी पावलं. मग आभाळ.
मग माझा फ्रॉक.
काही न बोलता लिहिलं.

रात्री जेवताना फक्त एवढंच,
"आभायानं जे देलं नाही
ते आपण कायले द्याचं, बाई?"
आणि माझ्या ताटात दुसऱ्यांदा वरण वाढलं.

पन्नासहून जास्त वर्षांनी
हर्षलच्या पडद्यावर मी ती तारीख शोधली.
शून्य, शून्य, शून्य,
पंधरा पूर्णांक आठ,
शून्य, शून्य.
मोठ्या वाळवंटात कुणाचा तरी राहून गेलेला पेला.

"मूळ रजिस्टर आहे का रे?"
होतं. कडा वाळवीनं कुरतडलेल्या.
त्या आडव्या ओळीत शेवटच्या रकान्यात,
शेऱ्याच्या, लाल शाईत:
पाऊस नाही. घरचे पाणी.
मापात होतं ते त्यांनी लिहिलं होतं.
आणि खरं होतं तेही.

"आमच्या फाईलमध्ये शेऱ्याचा रकाना नाही,"
हर्षल जरा ओशाळून म्हणाला.
मग, "एका दिवसानं रेषा हलत नाही, मावशी."
हलू नकोच म्हणावं तिला.
पण कर दुरुस्त.

त्यानं पंधरा पूर्णांक आठ खोडलं,
शून्य टाकलं.
त्या सालच्या पावसाळी दिवसांतला
एक दिवस कमी झाला,
बाबांच्या एकोणीस शून्यांना
विसावं मिळालं,
आणि ते मात्र त्यांच्या अक्षरात नव्हतं.