घट

दुकानातला जुना काटा मी क्लिनिकला न्यायला मागितला
तेव्हा बाबा म्हणाले, काय तोलणार?
पक्षी.
ते हसले नाहीत. फडक्याने पारडी पुसून दिली,
रविवार पेठेतली चाळीस वर्षांची धूळ,
तिच्यात थोडी सोन्याचीही असेल.

बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला
लोहोकरे मॅडमचं क्लिनिक. खाली झेरॉक्स, वर आम्ही.
पहिल्या दिवशी त्यांनी औषधांचं कपाट उघडलंच नाही.
आधी वजन, म्हणाल्या. अंदाज स्वयंपाकघरात.
इथे टिंब एक घर सरकलं
की जीव सरकतो.

मग हळूहळू एकेक:
सशाला उपाशी ठेवायचं नाही. त्याला ओकता येत नाही,
आणि पोट रिकामं राहिलं की आतडी चालायची थांबतात.
(सहकारनगरच्या साने वहिनी चिडल्या, ऑपरेशनला उपास नाही?
आमचा तर एकादशीही करतो.)
मॅडमनी सशापुढे कोथिंबिरीची काडी धरली.
पक्ष्याची छाती मुठीत धरायची नाही,
छातीचं हाड हललं तरच त्याला श्वास मिळतो.
तुमच्या मायेने तो गुदमरेल.
डोळ्यांना मलम. भुलीतला डोळा मिटत नाही,
काही न पाहता उघडाच कोरडा पडत जातो.

आणि कासव. मास्क लावला की श्वासच धरून बसतं.
अर्धा तास, पाऊण. आपण घामेघूम, ते निवांत.
शेवटी सुईने झोपवलं,
तर जागं व्हायला रात्रीचे अडीच वाजवले.
खाली कांद्याचे ट्रक लागले, हमालांचा चहा झाला,
मी मिनिटाला तीनदा पिशवी दाबत राहिले
एका दगडाच्या वतीने.

भूल हा शब्द मराठीत विचित्रच.
पडते, घालतात, देतात.
रानात वाट चुकवते तीही भूल,
आणि बिलाच्या तळाशी बाबा छापतात तीही:
चू. भू. द्या. घ्या.
माझ्या रजिस्टरच्या तळाशी तसं छापता येत नाही.

कारण जुलैत एक हॅमस्टर गेला.
एकशे बारा ग्रॅम. मात्रा बरोबर होती, मी तीनदा मोजली होती.
पण पोटावर स्पिरिट जास्त फासलं, पंखा चालू राहिला,
आणि एवढीशी ऊब उडायला वेळ तो किती लागतो.
त्याला आणणारा शौनक, आठवीतला.
चाक परत नेणार का, विचारलं.
हो म्हणाला.
मग नको म्हणाला.

आता मी हातमोज्यांत कोमट पाणी भरते,
मनगटाशी गाठ मारून दोन्ही कुशींना निजवते.
पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी आहे.

आज ढमढेरे काका, कंडक्टर होते, आता रिटायर.
कात्रजहून बसने आले, पिंजऱ्यावर टॉवेल.
मला पास आहे, म्हणाले, हिचं तिकीट काढलं.
बजी. पंखाखाली गाठ. काट्यावर बत्तीस.

मास्क धरला. पायाची पकड सुटली.
डॉपलरमधून तिचं काळीज ऐकू आलं,
दिवाळीच्या आदल्या रात्रीचं शिलाई मशीन.
यंत्राकडे नको, मॅडम मान वर न करता म्हणाल्या,
तिच्याकडे बघ.
बघितलं. श्वासागणिक शेपटीचं टोक
केसभर वर, केसभर खाली.
चौदा मिनिटं
या शहरात मला दुसरं काही दिसलं नाही.

मग नुसता ऑक्सिजन. टॉवेलात गुंडाळून उभी धरली.
तिने मान टाकली, उचलली, टाकली,
आणि कडकडून माझं बोट चावलं.

रात्री भाकरी मोडताना बाबांनी विचारलं,
काटा बरोबर चालतो ना?
बत्तीस आत गेली, म्हटलं, एकतीस बाहेर आली.
एक ग्रॅम घट. आमच्याकडे एवढ्यावर गिऱ्हाईक भांडतं.
मग त्यांचं लक्ष बोटाकडे गेलं.
हळद लाव, म्हणाले.